ऑर्गनवादक फ्रान्झ झेवर ग्रूबर

नाताळ जवळ आला म्हणजे कोणती गीते घ्यावीत, ऑर्गनवर काय वाजवावे व तालमी किती कराव्यात, ह्याचा विचार आमच्या नवघरच्या गायकमंडळींत सुरू होतो. ‘सायलेंट नाइट’ मात्र वगळले जात नाही. त्याची चाल रचणाऱ्या सत्पुरुषाचे अल्प चरित्र ह्या महोत्सवप्रसंगी वाचकांस सादर करितो.

फ्रान्झ झेवर ग्रूबर ह्यांचा जन्म २५ नोव्हेंबर १७८७ रोजी ऑस्ट्रियातील होखबुर्ग येथे गरीब विणकराच्या घरी झाला. मुलाने मागावरच बसावे, अशी पित्याची इच्छा होती. परंतु गावच्या शाळामास्तरांनी त्याचा कल ओळखून त्यास वादन शिकविले. मास्तर आजारी पडले असता ह्या बालकाने चर्चमध्ये ऑर्गन वाजविला, तेव्हा पित्याचे मन वळले, असे सांगतात.

१८०७ साली ते आर्न्सडॉर्फ येथे शिक्षक झाले. गोमंतकातील चर्चच्या शाळांचे मास्तर जसे मुलांस स्वरज्ञान देत व उपासनेत गायनही चालवीत, तसाच हा दुहेरी व्यवसाय होता. १८१६ पासून ते जवळच्या ओबर्नडॉर्फ येथील सेंट निकोलस चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागले.

२४ डिसेंबर १८१८ रोजी तेथील साहाय्यक धर्मगुरू योसेफ मोर ह्यांनी आपले एक गीत त्यांच्या हाती देऊन दोन आवाज, गायकवृंद व गिटार ह्यांसाठी चाल मागितली. ती त्याच दिवशी सिद्ध झाली आणि त्याच रात्री दोघांनी मिळून गायिली. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडल्याची कथा पुष्कळ ऐकू येते. तथापि ग्रूबर ह्यांच्या स्वतःच्या टिपणात तिचा उल्लेखही नाही.

गीत देशोदेशी गेले, पण कर्त्यांची नावे मागे राहिली. चाल थोर संगीतकार हायडन ह्यांच्या घराण्यातली, असेही लोक म्हणू लागले. मोर १८४८ साली निवर्तले होते. १८५४ साली बर्लिनहून चौकशी आली, तेव्हा ग्रूबर ह्यांनी घडलेली हकीकत साधेपणाने लिहून दिली व शब्दांचे श्रेय आपल्या दिवंगत मित्रास दिले.

१८३५ पासून हालाइन येथे गायकवृंद सांभाळीत असता ७ जून १८६३ रोजी ते प्रभूच्या घरी गेले.

ऑर्गन हाती असूनही, प्रसंगास साजेल म्हणून त्यांनी गिटारीवर चाल बांधिली. आमच्या गायकांनी व वादकांनीही गीत निवडताना आपले कौशल्य किती दिसेल हे न पाहता, मागच्या बाकावरील म्हातारीस ते प्रार्थनेत नेईल काय, एवढेच पाहावे.