हाफकीन आणि एक बाटली

विद्यार्थी मित्रांनो, मनमाडहून मुंबईस गेलात तर परळची हाफकीन संस्था अवश्य पाहा. वाल्देमार हाफकीन स्वतः डॉक्टर नव्हते. १८६० साली तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका यहुदी कुटुंबात जन्मलेले ते जीवशास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीची लस तयार करून ते १८९३ मध्ये हिंदुस्थानात आले.

१८९६ साली मुंबईत गाठीचा प्लेग पसरला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत हाफकीन यांनी सुमारे तीन महिन्यांत लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, तो त्रासही त्यांनी सांगितला. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात राजी झालेल्या कैद्यांनाच लस दिली गेली. (कैद्याची राजीखुशी कितपत मोकळी असते, हे आपण अवश्य विचारावे.) लोक भीत होते, तेव्हा तिसरे आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला.

मग ऑक्टोबर १९०२ उजाडला. पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली; त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. एकोणीसही जणांची लस ५३-एन या एकाच बाटलीतली! चौकशी समितीने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकीन यांचे काम गेले.

पण बाटलीवर क्रमांक होता आणि कोणाला कोणती बाटली दिली याची नोंद होती. त्यावरून पुढे उलगडा झाला. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकमध्ये बुचकळून पुन्हा वापरला गेला होता.

पालकहो, आपली मुले नर्सिंगला, फार्मसीला जातात, म्हणून हा चिमटा विसरू नका. पुण्याच्या एका डॉक्टरांच्या खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची कर्तव्ये सांगितली. रुग्ण हाती घ्यावा की नाही, उपचार कोणता द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्ही बाबतींत त्याने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे. तिसऱ्यात हा चिमटा येतो.

रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर १९०७ मध्ये हाफकीन दोषमुक्त ठरले. ते कलकत्त्यास परतले. मुंबईची प्रयोगशाळा मात्र पुन्हा त्यांच्या हाती आली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव दिले गेले. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते वारले.