उकळतं पाणी, बर्फ आणि ओहमचा नियम : आधी चुकीचं सूत्र छापणाऱ्या मास्तरची गोष्ट

ओहमचा नियम शाळेत सगळ्यांनीच पाठ केलाय. पण ज्याच्या नावाने तो आहे, त्याने आधी चुकीचं सूत्र छापलं होतं.

जॉर्ज सायमन ओहमचा जन्म १७८९ चा, जर्मनीतल्या एर्लांगनमधला. वडील कुलुपं बनवणारे कारागीर. स्वतःच वाचून गणित शिकले आणि पोरांनाही शिकवलं. विद्यापीठात गेल्यावर मात्र जॉर्जचं लक्ष नाच, बिलियर्ड्स आणि स्केटिंगमध्ये. वडील भडकले, शिक्षण थांबवलं. पोरगा स्वित्झर्लंडमध्ये गणिताचा मास्तर झाला. पुढे डॉक्टरेट केली आणि १८१७ ला कोलोनच्या शाळेत लागला.

तिथे त्याने एक साधा प्रश्न धरला : तार लांब केली की करंट किती कमी होतो?

अडचण होती सोर्सची. व्होल्टाच्या घटाचा जोर वापरता वापरताच उतरायचा. करंट तारेमुळे कमी झाला की घटामुळे, तेच कळेना. १८२५ मध्ये ओहमने घाईने लॉगॅरिदमचं सूत्र छापलं. ते फसलं.

मग पोगेनडॉर्फ या संपादकाने सुचवलं, घट सोड, थर्मोकपल घे. ओहमने बिस्मथ आणि तांब्याचे दोन सांधे केले. एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातला फरक हलत नाही, म्हणून विजेचा जोरही हलत नाही. वेगवेगळ्या लांबीच्या आठ तारा जोडून त्याने चुंबकीय सुईवरून करंट मोजला. १८२६ मध्ये उत्तर मिळालं : करंट म्हणजे सोर्सचा जोर भागिले आतला रोध अधिक बाहेरचा रोध.

यातला 'आतला रोध' शाळेत बऱ्याचदा मागे पडतो, पण खरी गंमत तिथेच आहे. समजा आतला रोध १ लाख ओहम आहे. बाहेरचा लोड शून्यावरून १ हजार ओहमवर नेला, तरी करंट जेमतेम १ टक्का घटतो. झाला की कॉन्स्टंट करंट सोर्स! पण लोडच १ लाख ओहमचा असेल तर करंट थेट निम्मा. आतला रोध आणखी वाढवावा, तर व्होल्टेजही तितकंच वाढवावं लागतं. आज ट्रान्झिस्टरचं सर्किट मोठ्या आतल्या रोधाचं सोंग घेतं आणि हा खर्च वाचवतं. तरीही १ लाख ओहममधून १ मिलिॲम्पिअर न्यायचा तर लोडवर १०० व्होल्ट द्यावेच लागतात. तिथे सुटका नाही.

१८२७ मध्ये ओहमचं पुस्तक आलं. जर्मनीत त्याचं स्वागत थंड झालं, टीकाही झाली. वैतागून त्याने कोलोनची नोकरी सोडली. काही वर्षं ओढाताणीत गेली आणि १८३३ ला न्यूरेंबर्गमध्ये काम मिळालं. मान दिला तो इंग्रजांनी, १८४१ चं कोप्ली पदक देऊन. म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं तेव्हा १८५२ साल उजाडलं होतं. दोनच वर्षांनी ओहम गेला.