शेतकऱ्यांचा शिष्य : सर अल्बर्ट हॉवर्ड

आमच्या गावात अभ्यास न करणाऱ्या मुलाला जन्मभर शेण काढावे लागेल, असा दम देतात. तो दम ऐकतच मी कॉलेजपर्यंत आलो. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे शिकणे म्हणजे उकिरड्यापासून दूर जाणे, अशी माझी समजूत झाली होती. केंब्रिजची पदवी घेऊन शेणाच्या खड्ड्यापाशी येऊन थांबलेल्या एका साहेबाचे चरित्र हाती आले आणि ही समजूत डळमळली.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. केंब्रिजला शिक्षण पूर्ण करून ते १८९९ मध्ये वेस्ट इंडीजला गेले. तेथे उसाच्या रोगांवर संशोधन करताना त्यांना एक गोष्ट बोचू लागली. आपण प्रयोगशाळेत बसून शेतकऱ्यांना सल्ला देतो. पण तो करून पाहायला आपल्यापाशी हातभर जमीन नाही!

१९०५ मध्ये ते हिंदुस्थानात आले. बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि अखेर कसायला जमीन मिळाली. पत्नी गॅब्रिएल याही नावाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून गव्हाच्या सुधारित जाती काढल्या. पण हॉवर्ड यांचे खरे शिक्षण झाले ते आजूबाजूच्या शेतांत. त्या शेतांत विकतचे खत नव्हते, औषधे नव्हती, तरी पिके बहुधा निरोगी दिसत. मग त्यांनी या शेतकऱ्यांनाच गुरू मानले. पिकावर पडणाऱ्या किडीलाही त्यांनी गुरूच म्हटले. कारण जमिनीत काय बिघडले आहे, हे ती दाखवून देते.

पुसाला त्यांनी गवतावरही प्रयोग केले. फळझाडांखाली गवत माजू दिले की झाडे खुरटत. पण त्याच झाडांजवळ चर खणून जमिनीत हवा खेळू दिली की ती सावरत. मुळांनाही श्वास लागतो, हे त्यांनी यावरून ताडले. आपल्या सहा बैलजोड्यांना शेतातलाच सकस चारा घालून त्यांनी शेजारच्या लाळ-खुरकताच्या जनावरांजवळ जाऊ दिले. तरी बैलांना रोग झाला नाही, असे ते सांगत. आजच्या शास्त्राला एवढा पुरावा पुरणार नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. तुलनेसाठी दुसरे बैल त्यांनी ठेवले नव्हते.

सरकारी संशोधनात प्रत्येकाचे खाते वेगळे. पिकाचा माणूस निराळा, मातीचा निराळा, किडीचा निराळा. या भिंती हॉवर्ड यांना मानवेनात. १९२४ मध्ये होळकरांच्या इंदूर शहरात नवी संस्था उभी राहिली आणि ते तिचे संचालक झाले. तेथे यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर त्यांनी जी खतपद्धती बसवली, ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली.

ही पद्धत साधी आहे. ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि अवघा २ फूट खोल असा खड्डा. त्यात काडीकचऱ्याचे तीन भाग, शेणाचा एक भाग, शिवाय गोठ्यातली मुताने भिजलेली माती व थोडी राख, असे थर द्यायचे. पऱ्हाट्या कठीण, लवकर कुजत नाहीत; म्हणून त्या गाडीवाटेवर पसरून चाकांखाली चिरडून घेत. पाणी बेताचे शिंपडायचे. ढीग आतून तापतो. बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात. हवा मिळावी म्हणून तीनदा उलथापालथ करायची. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार. चिनी शेतकऱ्यांचे शेकडो वर्षांचे ज्ञान आणि आपल्याकडचे शेण यांना त्यांनी शास्त्राची शिस्त लावली, एवढेच. हे श्रेय ते स्वतःही मोकळेपणाने देत.

१९३० मध्ये गॅब्रिएल वारल्या. पुढच्याच वर्षी हॉवर्ड यांनी हिंदुस्थान सोडला. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १९४० मध्ये ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा त्यांचा ग्रंथ निघाला. तो त्यांनी गॅब्रिएल यांना अर्पण केला आहे. रासायनिक खताने पीक वाढते, पण माती उपाशी राहते, असे त्यांचे म्हणणे. अनेक शास्त्रज्ञांना ते पटले नाही. अखेरपर्यंत वाद घालत २० ऑक्टोबर १९४७ रोजी ते वारले.

हे वाचून गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी गेलो. गोठ्यामागे दोन गुंठे जागा हरळीने भरलेली होती. ती खणून भाजी लावायचे ठरले. वडिलांनी कुदळ घेतली. हरळीची एकेक मुळी वेचून उन्हात कडक वाळवली, मग ढिगात घातली. मी पुस्तकाप्रमाणे खड्डा आखू लागलो, तर वडिलांनी थांबवले. आषाढात खड्ड्यात पाणी साचेल, ढीग उंचवट्यावरच घालावा, असे त्यांचे मत पडले. मला राग आला. पुस्तक मी वाचले होते, त्यांनी नव्हते. रात्री पुन्हा पाने चाळली. पावसाळ्यात खड्डा नको, जमिनीवर ढीग करावा, असे हॉवर्ड यांनीही लिहून ठेवले होते.

श्रावणात त्या जागेत मेथी आणि वांगी लावली. हरळी अजून डोके वर काढते, खुरपे घेऊन बसावेच लागते. पण आता शेणाची पाटी उचलताना मी रस्त्याकडे पाहत नाही. जे हॉवर्ड यांना हजारो मैल येऊन शोधावे लागले, ते गुरू माझ्या घरातच होते. ते ओळखायला मात्र मला कॉलेजात यावे लागले.