तीन पायांचा ट्रान्झिस्टर आणि जगदीशचंद्र बोस



जुना रेडिओ उघडला की तीन पायांचा ट्रान्झिस्टर दिसतो. हातात मावणाऱ्या टेस्टरला त्याचे पाय कसेही जोडा, बेस, कलेक्टर, एमिटर कोणता ते पडद्यावर येतं. कसं कळतं? टेस्टर पायांतून थोडा थोडा विद्युतप्रवाह पाठवून बघतो. तो एका दिशेने सहज जातो, उलट दिशेने अडतो. स्फटिकाचा हाच गुण ज्यांनी फार आधी कामाला लावला, त्या जगदीशचंद्र बोस यांची ही ओळख.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग इथे झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. त्यांच्या बरोबरीचे लोक मुलांना इंग्रजी शाळेत घालत. यांनी मात्र मुलाला बंगाली शाळेत घातलं. तिथे कोळ्याचा मुलगा शेजारी बसायचा. त्याच्याकडून पाण्यातल्या जीवांच्या गोष्टी ऐकून जगदीशला निसर्गाची गोडी लागली.

पुढे इंग्लंडमध्ये शिकून १८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. भारतीय म्हणून पगार कमी! त्यांनी तीन वर्षं पगारच घेतला नाही. शिकवणं मात्र एक दिवसही सैल पडू दिलं नाही. शेवटी सरकारने मागच्या थकबाकीसह पूर्ण पगार दिला.

१८९५ मध्ये त्यांनी कलकत्त्यात भिंतीपलीकडे बिनतारी लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली. लहरी ओळखायला त्यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकावर धातूचं टोक टेकवलं. या शोधाचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळालं. त्यांना स्वतःला पेटंटची हौस नव्हती, मित्रांच्या आग्रहाने ते घेतलं गेलं. १९१७ मध्ये त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट उभारली.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी ते गेले. दहाच वर्षांनी, डिसेंबर १९४७ मध्ये, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर चालला. त्यातही जर्मेनियमच्या स्फटिकावर सोन्याची टोकं टेकवलेली होती! तो बनवणाऱ्यांपैकी ब्रॅटन यांनी बोस यांच्या स्फटिकाच्या कामाचं श्रेय पुढे नोंदवलं.

पालकहो, मुलाला मराठी शाळेत घालताना मनात धाकधूक होते ना? मग भगवानचंद्रांचा हा निर्णय जरूर आठवा. आणि शिक्षक मित्रांनो, बंद पडलेला रेडिओ भंगारात देण्याआधी एकदा वर्गात उघडाच.