सुगरणीच्या संसाराचा शोध

पावसाळ्याच्या दिवसांत विहिरीच्या काठी, बाभळीच्या किंवा शिंदीच्या झाडावर सुगरण पक्ष्याची घरटी लोंबताना दिसतात. वारा कितीही सुटला, तरी ती झुलतात. पण सहसा तुटत नाहीत. स्वयंपाकात व घरकामात निपुण असलेल्या स्त्रीला आपण सुगरण म्हणतो. तेच नाव आपल्या भाषेने या पक्ष्याला दिले आहे. गंमत अशी, की हे सुंदर घरटे विणणारा कारागीर मादी नसून नर असतो! या इवल्याशा पक्ष्याच्या संसाराचे कोडे ज्यांनी धीराने उलगडले, ते थोर पक्षिशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. सलीम अली.

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. ते तान्हे असतानाच वडील वारले, आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. पोरक्या झालेल्या या भावंडांचा सांभाळ त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमिदा बेगम यांनी गिरगावातील खेतवाडीच्या घरी मायेने केला. मामांना शिकारीचा षोक होता. त्यामुळे लहानग्या सलीमच्या हातीही छऱ्याची बंदूक आली.

एके दिवशी सलीमने एक चिमणी टिपली. हातात घेऊन पाहतो, तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही चिमणी कोणती, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेत पाठविले. 1883 साली स्थापन झालेल्या या संस्थेचे चिटणीस त्या वेळी मिलर्ड नावाचे इंग्रज गृहस्थ होते. मुलगा भीतभीतच त्यांच्यापुढे उभा राहिला. मिलर्डसाहेबांनी पक्षी ओळखला, आणि पेंढा भरून जतन केलेले कितीतरी पक्षी त्याला प्रेमाने दाखविले. त्या दिवसापासून सलीमला पक्ष्यांचा छंद लागला, तो जन्मभर सुटला नाही.

पुढचा मार्ग मात्र सोपा नव्हता. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून त्यांना घरच्या व्यवसायासाठी ब्रह्मदेशात जावे लागले. तेथे व्यापारापेक्षा रानातील पाखरांकडेच त्यांचे मन अधिक रमे. 1917 मध्ये ते मुंबईस परतले व प्राणिशास्त्र शिकू लागले. 1918 च्या अखेरीस तहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागा त्यांना मिळाली नाही. 1926 मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात लोकांना प्राणिजीवनाची माहिती सांगण्याचे काम मिळाले. ज्ञानाची भूक भागेना, म्हणून 1928 मध्ये रजा घेऊन ते जर्मनीस गेले आणि बर्लिन येथे श्ट्रेझेमान या विख्यात पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले.

1930 मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा पैशांच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झालेली होती. शिक्षण पुरे झाले, पण नोकरी गेली! दुसरा एखादा खचून गेला असता. सलीम अली आपल्या पत्नीसह मुंबईजवळच्या समुद्रकाठी, अलिबाग तालुक्यातील किहीम या गावी राहावयास गेले. तेथे पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांची वसाहत त्यांच्या दृष्टीस पडली. हाती भरपूर वेळ होता. त्या रिकामपणाचेच त्यांनी सोने केले.

सुगरणीच्या वसाहतीत काही घरटी पूर्ण, तर काही अर्धवटच असतात. ही अर्धवट घरटी नर आपल्या झोके घेण्यासाठी बांधतो, असा एक जुना समज होता. सलीम अलींनी ऐकीव गोष्टीवर विसंबायचे नाही असे ठरविले. ते रोज तासन् तास निश्चल बसून कोणता नर काय करतो, कोणती मादी कोठे येते, याची नोंद करू लागले.

हळूहळू कोडे उलगडले. डोक्यावर पिवळी टोपी मिरविणारा नर गवताची व पात्यांची लांब सुते आणून घरटे विणू लागतो. ते निम्मे, एखाद्या शिरस्त्राणासारखे झाले, की माद्या येऊन त्याची पाहणी करतात. घरटे पसंत पडले, तर मादी तेथेच मुक्काम करते. मग नर लांब नळीसारखे दार जोडून ते पुरे करतो. मादी दोन ते चार अंडी घालते व एकटीच सुमारे पंधरा दिवस ती उबविते. इकडे नर दुसरे घरटे विणावयास घेतो आणि तेही पसंत पडले, तर दुसरा संसार मांडतो. जे घरटे कोणत्याही मादीला रुचत नाही, ते अर्धवटच राहते. झोक्याच्या त्या घरट्यांचे रहस्य एवढेच होते! हे संशोधन 1931 साली त्या सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि सलीम अलींचे नाव जाणकारांच्या तोंडी झाले.

मग नर निष्ठुर म्हणायचा काय? सलीम अलींनी तसे म्हटले नाही. पाखरांना माणसाच्या मापाने मोजू नये, हे ते जाणत होते. शंभरांपैकी सुमारे नव्वद जातींच्या पक्ष्यांत एक नर व एक मादी मिळून विणीचा हंगाम पार पाडतात. सारस पक्ष्यांची जोडी तर वर्षानुवर्षे टिकते. सुगरणीची रीत निराळी आहे. पावसाळ्यात दाणा व किडे मुबलक असतात. त्यामुळे पिलांचे पोषण बहुतांशी मादी एकटी करू शकते.

अशा वर्तनामागे मेंदूचे कार्य कसे चालते, हे अलीकडे शास्त्रज्ञ शोधत आहेत. दिवस मोठे होऊ लागल्याची जाणीव मेंदूला होते. त्याच्या आज्ञेने शरीरातील विशिष्ट ग्रंथी रस स्रवू लागतात आणि पक्ष्याला विणीची ओढ लागते. ऑस्ट्रेलियातील झेब्रा फिंच हा पक्षी दीर्घकाळ एकाच जोडीदाराबरोबर राहतो. त्याच्या मेंदूत मेसोटोसिन नावाचे रसायन असते. अशा रसायनाचे कार्य औषधाने रोखले असता माद्यांची जोडी जमण्याची क्रिया मंदावते, असे प्रयोगांत आढळले आहे. प्रयोगशाळेतील या शोधांनाही पाया हवा असतो तो रानात बसून केलेल्या निरीक्षणाचा.

1939 मध्ये तहमिनाबाईंचे अकाली निधन झाले. पक्ष्यांच्या जोड्यांचा अभ्यास करणारा हा शास्त्रज्ञ स्वतः मात्र एकाकी झाला. पुढे ते आपल्या बहिणीच्या घरी राहिले व दुःख कामात बुडवू लागले. 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. 1968 ते 1974 या काळात रिप्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या सहकार्याने त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ पुरा केला. 1958 मध्ये पद्मभूषण व 1976 मध्ये पद्मविभूषण देऊन भारत सरकारने त्यांचा गौरव केला. 20 जून 1987 रोजी मुंबईत त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

सुगरण पक्षी हजारो वर्षे आपल्या शेताच्या बांधावर घरटी विणत होता. लाखो लोकांनी तो पाहिला होता. नोकरी गमावलेल्या एका तरुणाने मात्र तेच साधे दृश्य रोज, न कंटाळता पाहिले, म्हणून त्यातील सत्य त्याला गवसले.