गोष्टी सांगणारे सत्यशोधक

महात्मा जोतीराव फुले (१८२७-१८९०) म्हटले की मुलींची शाळा आणि सत्यशोधक समाज आपल्याला लगेच आठवतो. जोतीरावांनी गोष्टीही रचल्या, हे मात्र आपण विसरतो.

१८५५ मध्ये त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. ग्रहांची भीती घालून एक भटजी गरोदर कुणबी बाई आणि तिच्या नवऱ्याला लुबाडतो. शेवटी हे जोडपे शिकायला निघते. पात्रे कल्पित होती, लूट खरी होती. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले. ते छापून यायला १९७९ साल उजाडले.

१८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ आली. धोंडीबाशी संवाद करत जोतीरावांनी पुराणकथा उलटी करून सांगितली. पाताळात घातलेला बळी रयतेचा न्यायी राजा झाला. चिरंजीव समजल्या जाणाऱ्या परशुरामाला तर त्यांनी पत्र लिहून हजर राहायलाच सांगितले! ज्या गोष्टींनी माणसे गुलाम केली, त्यांना गोष्टीनेच उत्तर दिले.

पण १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी गोष्ट सांगितली नाही. शेतसारा कोण भरतो आणि शिक्षणावरचा सरकारी खर्च कोणाच्या पदरात पडतो, याचा हिशेब मांडला आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. कुठे कल्पना चालते आणि कुठे पुरावाच लागतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

तरी एक धोका उरतोच. अवतारकथांमागे आर्यांच्या स्वाऱ्यांचा इतिहास आहे, असे जोतीराव मानत. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ‘हू वेअर द शूद्राज?’ हा ग्रंथ जोतीरावांनाच अर्पण केला आणि त्याच ग्रंथात आर्यवंशाचा सिद्धांत पुरावे तपासून नाकारला. गुरूचा मान राखला, गुरूचे म्हणणेही तपासले.

आज जयंती आली की फुले-आंबेडकरांच्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेली वाक्ये व्हॉट्सअॅपवर फिरतात. ‘विचार तर आपलाच आहे ना’ म्हणत आपणही ती पुढे ढकलतो. विरोधक एक खोटे वाक्य पकडतो आणि त्याच्या जोरावर आपले शंभर खरे दाखले उडवून लावतो. नाटक, जलसा, कथा जरूर करू. पण ती कथा आहे हे सांगून करू. महापुरुषांचे वाक्य मात्र ग्रंथ उघडून, पान पाहूनच पाठवू. सत्यशोधकांचा वारसा सांगणाऱ्यांनी एवढे तरी केलेच पाहिजे.