दुसरे चंद्रशेखर

नोबेल पारितोषिक मिळविणारे चंद्रशेखर हे सर सी. व्ही. रामन यांचे पुतणे. मी सांगते आहे ती हकीगत त्यांच्या भाच्याची. नाव एकच, म्हणून घोटाळा होतो. माझाही झाला होता.

शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांचा जन्म १९३० साली कलकत्त्यास झाला. एम्. एस्सी. ते १९५१ साली आपल्या नागपूर विद्यापीठात पहिले येऊन झाले, आणि बंगळूरला मामांच्या हाताखाली संशोधनास लागले.

काही घट्ट पदार्थ तापविले तर एकदम पातळ होत नाहीत. मध्येच ते द्रवासारखे वाहतात, तरी आतल्या रेणूंची शिस्त थोडी टिकते. त्यांना द्रवस्फटिक म्हणतात. काडीसारखे लांबट रेणूच असे वागतात, अशी सुमारे नव्वद वर्षे समजूत होती. १९७७ साली चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी चकतीसारखे रेणू घेतले, तापविले व त्यांवर क्ष-किरण सोडले. किरण कसे विखुरतात यावरून आतली मांडणी उमगली. जणू पापडांच्या चळती! एका चळतीभोवती सहा, अशा शिस्तीने उभ्या. मात्र चळतीतल्या पापडांत अंतर सारखे नाही. पापड रचताना हे मला आता हटकून आठवते.

पुढे सपाट पडदा बाजूने पाहिला तरी नीट दिसावा म्हणून अशाच चकत्यांचा पातळ थर वापरात आला.

निवृत्तीनंतरही ते स्वस्थ बसले नाहीत; १९९१ साली बंगळूरला द्रवस्फटिकांचे संशोधन केंद्र काढले. ८ मार्च २००४ रोजी ते वारले.